एक माशीमार की तीन? जपान-चीनमधल्या एका पिवळ्या पक्ष्याचं वर्गीकरण

२००० साली बीजिंगच्या पक्षिशास्त्रज्ञांनी माशीमाराची एक नवी जात सापडल्याचं जाहीर केलं. जागा ऐकून भुवया उंचावाव्यात अशी होती. शिआओलोंगमेन हे डोंगराळ जंगल शहराच्या मध्यापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे, पण बीजिंग महानगराच्या हद्दीतच येतं. पक्ष्याचं नावही राजधानीला शोभेलसं ठेवलं गेलं, फिसेड्युला बीजिंगनिका. इथले नर मादीसारखे फिकट हिरवट होते, तरी विणीच्या हंगामात झाडावर बसून गात होते. गातात म्हणजे वयात आलेले आहेत, आणि रंग तर माहीत असलेल्या कुठल्याच माशीमार नराशी जुळत नाही. तेव्हा ही नवी जात. तर्क वरवर पाहता चोख आहे.

आज पक्ष्यांच्या जागतिक याद्या उघडल्या तर ही जात स्वतंत्र म्हणून कुठेही दिसत नाही. तिचं काय झालं ते पुढे येईलच. आधी हा पक्षी ज्या गोतावळ्यातला आहे तो पाहायला हवा, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गोतावळ्याचा म्होरक्या म्हणजे नार्सिसस माशीमार. शास्त्रीय नाव फिसेड्युला नार्सिसिना, जपानीत किबिताकी. चोचीपासून शेपटापर्यंत जेमतेम तेरा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या चिमणीहून लहान. नर बघताक्षणी ओळखू येतो: पाठ काळीभोर, भुवई पिवळी, गळा नारिंगीकडे झुकणारा, छाती आणि कंबर पिवळी, काळ्या पंखावर पांढरा ठसठशीत डाग. मादी मात्र मळकट ऑलिव्ह-तपकिरी. जपानमध्ये हा पक्षी चांगलाच लोकप्रिय आहे. फुकुशिमा प्रांताचा तो मानचिन्ह-पक्षी आहे आणि प्रांताच्या सरकारी जाहिरातींत दिसणारं 'किबितान' हे गोलमटोल पात्र त्याच्यावरूनच बेतलेलं आहे.

कूळ विचाराल तर मस्किकॅपिडी. नाव परकं वाटलं तरी त्यातली माणसं, म्हणजे पक्षी, आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. दयाळ, चिरक, गप्पीदास, सह्याद्रीतला शीळकरी कस्तूर हे सगळे याच कुळातले. उलट स्वर्गीय नर्तकाला इंग्रजीत फ्लायकॅचर म्हणत असले तरी तो या कुळात नाही, त्याचं घराणंच वेगळं. उडते किडे हवेत झेपावून पकडणं ही एक सवय आहे. ती वेगवेगळ्या कुळांत आपापली उपजली, त्यामुळे नुसत्या सवयीवरून नातं जोडायला गेलं की फसगत होते.

नकाशा कसा वाचायचा

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचा पल्ला सांगताना दोन नकाशे लागतात, आणि वर्गीकरणासाठी त्यातला एकच निर्णायक असतो. पक्षी हिवाळा कुठे काढतो यापेक्षा तो वीण कुठे घालतो याला जास्त किंमत आहे. जोड्या तिथे जुळतात, पिढी तिथे तयार होते. थंडीत दोन जाती एकाच रानात किडे टिपत असल्या तरी त्यांच्यात काही मिसळत नाही.

नार्सिसस माशीमाराची वीण सखालिन आणि दक्षिण कुरील बेटांपासून होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू अशी खाली उतरत जाते. पानझडी आणि मिश्र जंगल त्याला मानवतं. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तो तिथे पोहोचतो, झाडाच्या ढोलीत किंवा खोबणीत घरटं करतो आणि शरद ऋतूत दक्षिणेला निघतो. हिवाळा फिलिपीन्स आणि बोर्निओकडे. होक्काइदोहून बोर्निओचं सरळ रेषेतलं अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या पुढे जातं, आणि वाटेत बराचसा समुद्रच. तैवान आणि चीनचा पूर्व किनारा हे वाटेतले थांबे. कधी वाऱ्याने भरकटतो तेव्हा हा जीव अलास्काच्या अट्टू बेटावरही सापडला आहे. अशा भरकटलेल्या नोंदी पक्षिनिरीक्षकांना फार प्रिय असतात, नकाशाच्या कामी मात्र त्यांचा उपयोग नाही.

दुसरा पक्षी चीनचा. हुगो वाइगोल्ड या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पत्नीच्या नावावरून एलिझाय हे नाव दिलं. (उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटावर १९१० मध्ये पक्षी-केंद्र सुरू करणारा हाच तो वाइगोल्ड. स्थलांतराच्या अभ्यासात या केंद्राचं नाव आजही घेतलं जातं.) या पक्ष्याच्या नराची पाठ काळी नसून हिरवी. पिवळी लांब भुवई नाही. त्याऐवजी चोच आणि डोळ्याच्या मधला भाग पिवळा, डोळ्याभोवती पिवळं कडं, आणि खालची बाजू सलग पिवळी. मादीसुद्धा जपानी मादीसारखी तपकिरी नसून हिरवट-पिवळी. वीण हबेई, शान्शी आणि बीजिंगभोवतालच्या डोंगरांत. हिवाळ्यात मात्र तो फिलिपीन्सकडे फिरकत नाही, दक्षिण थायलंड आणि मलाय द्वीपकल्प गाठतो. म्हणजे वीण वेगळी, वाट वेगळी, मुक्कामही वेगळा.

तिसरा कुठेच जात नाही. जपानच्या दक्षिण टोकापासून तैवानच्या दिशेने बेटांची एक लांब माळ गेलेली आहे, ती र्‍युक्यू बेटं. अमामी, ओकिनावा, इशिगाकी, इरिओमोते ही त्यातली मोठी नावं. इथल्या सदाहरित जंगलात राहणाऱ्या माशीमाराचं वर्णन अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आउट्रम बँग्ज यांनी १९०१ मध्ये केलं आणि त्याला ओस्टोनी हे नाव मिळालं. हे नाव अ‍ॅलन ओस्टन या योकोहामात राहणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याचं. तो प्राण्यांचे नमुने मिळवून जगभरच्या संग्रहालयांना विकायचा. खोल समुद्रातला तो विचित्र लांब नाकाचा गॉब्लिन शार्क, त्याच्या शास्त्रीय नावातही हाच ओस्टन आहे. या बेटवासी माशीमाराच्या नराला पिवळी भुवई आहे पण पाठ काळी कुळकुळीत नसून गडद हिरवट छटेची, आणि गळ्यावरचा नारिंगी रंग जपानी नराइतका भडक नाही. पंख आखूड आणि टोकाला गोलसर. समुद्र ओलांडणाऱ्याला लांब टोकदार पंख लागतात. ज्याला बेटावरच्या बेटावर झाडाझाडांतून फिरायचं आहे त्याला आखूड पंख सोयीचे, वळायला बरे पडतात.

याखेरीज आणखी एक जवळचा नातेवाईक आहे, पिवळ्या कंबरेचा माशीमार, फिसेड्युला झँथोपिगिया. कोरिया, उत्तर चीन आणि रशियाचा अतिपूर्व भाग हा त्याचा विणीचा मुलूख. त्याची भुवई पांढरी. त्याच्या वेगळेपणाबद्दल वाद नाही, म्हणून त्याला इथेच सोडतो.

उपजात म्हणजे नेमकं काय

नार्सिसस माशीमाराला शास्त्रीय नाव मिळालं ते १८३६ मध्ये. नाव देणारा टेमिंक, हॉलंडमधल्या लायडन इथल्या संग्रहालयाचा संचालक. जपानने त्या काळात युरोपीय लोकांना दारं बंद केली होती, फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहायची मुभा होती. त्यामुळे जपानी प्राणी-वनस्पती युरोपला कळल्या त्या मुख्यतः लायडनमार्गे. पुढे १९०१ मध्ये ओस्टोनी आला, १९२२ मध्ये एलिझाय आला, आणि विसाव्या शतकाचा बराचसा काळ हे तिघेही एकाच जातीच्या तीन उपजाती म्हणून याद्यांमध्ये नांदले.

यामागे आळस नव्हता, एक विचार होता. एकोणिसाव्या शतकात थोडा रंग वेगळा दिसला की नवी जात जाहीर करण्याची हौस फार होती. त्यावर उतारा म्हणून विसाव्या शतकात उलटी लाट आली. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली जातीची व्याख्या या लाटेचा कणा ठरली. जे गट निसर्गात एकमेकांशी जुळून वंश वाढवतात किंवा वाढवू शकतात ते एका जातीचे, ज्यांच्यात असं होत नाही ते वेगळे. एखाद्या जातीत प्रदेशानुसार थोडा फरक असला तर तिच्या उपजाती करायच्या.

बोलींसारखंच आहे हे. मालवणीपासून वऱ्हाडीपर्यंत सूर बदलत जातो, पण माणसं एकमेकांशी बोलू शकतात. बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते यावर मराठी-कोकणीच्या निमित्ताने आपल्याकडे किती शाई सांडली ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणीचा निकाल शेवटी १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत लागला. पक्ष्यांना आठवी अनुसूची नाही.

मायर यांची व्याख्या ऐकायला स्वच्छ आहे, पण आपले तीन माशीमार तिच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बसलेले आहेत. बीजिंगच्या डोंगरातला पक्षी आणि होन्शूच्या जंगलातला पक्षी विणीच्या काळात कधी भेटतच नाहीत. भेटले तर जोडी जमेल का? सांगणार कोण? मध्ये समुद्र आहे. असे भौगोलिकदृष्ट्या तुटलेले गट असले की मायर यांची कसोटी प्रत्यक्षात लावताच येत नाही, अंदाज बांधावा लागतो. त्या काळचे लोक शंका असेल तिथे एकत्र ठेवायचे. अलीकडे कल उलट आहे.

शिवाय जोडी जमते म्हणजे जात एक, हेही पक्कं नाही. याच फिसेड्युला वंशातले युरोपातले दोन पक्षी बघा, काळा-पांढरा पाइड माशीमार आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला कॉलर्ड माशीमार. बाल्टिक समुद्रात स्वीडनची एलांड आणि गॉटलांड नावाची बेटं आहेत. तिथे दोघेही वीण घालतात आणि त्यांच्यात संकर होतो. पण संकरातून जन्मलेल्या माद्या वांझ निघतात. त्यामुळे मिसळण सुरू राहूनही दोन्ही जाती वेगळ्याच राहतात. पक्ष्यांत नर-मादीची लिंग-गुणसूत्रं आपल्या उलट असतात, मादीकडे दोन वेगळी असतात. संकरात आधी तेच लिंग अडचणीत येतं, असा जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांचा जुना नियम आहे आणि इथे तो तंतोतंत लागू पडतो.

तर मग तुटलेल्या गटांसाठी काय करायचं? अनेक बाजूंनी पुरावा गोळा करायचा. २०१० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ टोबायस आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक गुणपद्धती मांडली. पिसांचा रंग, आकारमान, आवाज अशा बाबींमधल्या फरकाला गुण द्यायचे आणि बेरीज सात भरली तर जात स्वतंत्र धरायची. बर्डलाइफ ही पक्षिसंरक्षण करणारी संस्था ती वापरत आली आहे. सातच का, सहा का नाहीत, असं कुणी विचारलं तर उत्तर व्यवहाराचं आहे: जिथे दोन जाती शेजारी राहूनही वेगळ्या टिकल्या आहेत तिथे साधारण किती फरक आढळतो हे मोजून तो आकडा बसवला आहे. मला स्वतःला अशा बेरजांचं फारसं कौतुक नाही, पण निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी लागते हे खरं.

आवाजाला मात्र या माशीमारांत खरोखर वजन आहे. दाट जंगलात नर दिसायच्या आधी ऐकू येतो आणि मादी निवड करते त्यात गाण्याचा वाटा मोठा. जपानी नराचं गाणं म्हणजे छोटी गोड शीळ पुन्हा पुन्हा म्हणण्याचा प्रकार. तो नकलाकारही आहे. त्याच्या गाण्यातला एक तुकडा जपानी लोकांना उन्हाळ्याच्या अखेरीस ओरडणाऱ्या त्सुकुत्सुकुबोशी या सिकाडासारखा, म्हणजे झाडावर बसून ओरडणाऱ्या एका किड्यासारखा, वाटतो. चिनी पक्ष्याच्या गाण्याची घडण निराळी आहे आणि ध्वनिआलेख काढला की फरक डोळ्यांना दिसतो. अर्थात गाणारे पक्षी गाणं थोडंफार शिकतात, त्यामुळे नुसत्या आवाजावर निकाल दिला तर दोन गावच्या सवयींनाच दोन जाती समजण्याचा धोका राहतो. म्हणून जोडीला जनुकं लागतात.

बीजिंगचा 'नवा' पक्षी

आता शिआओलोंगमेनकडे परत जाऊ. तिथल्या फिकट नरांचं कोडं उकललं ते वयाकडे नीट पाहिल्यावर.

कित्येक लहान पक्ष्यांमध्ये नर जन्मानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात वीण घालायला तयार होतो, पण त्याचा मोठेपणीचा झगमगीत वेश यायला आणखी एक वर्ष लागतं. या मधल्या वर्षात तो दिसतो मादीसारखा आणि वागतो नरासारखा. गातो, हद्द राखतो, संधी मिळाली तर जोडीही जमवतो. शास्त्रज्ञ याला उशिरा येणारी पिसं म्हणतात. याचा फायदा काय यावर वेगवेगळी मतं आहेत. एक मत असं की भडक रंग नसल्यामुळे जुने नर या पोरसवदा नराला फारसं अंगावर घेत नाहीत, आणि त्याला सीमेवर का होईना पण पाय ठेवायला जागा मिळते.

'बीजिंगनिका'चे नर म्हणजे एलिझायचे असेच कोवळे नर होते. आवाज त्यांचा तोच, जनुकंही तीच, विणीचं जंगलही तेच. 'गातो म्हणजे प्रौढ, प्रौढ म्हणजे अंतिम रंगात' या साखळीतली दुसरी कडी कच्ची होती. या गोष्टीत मला आवडणारी बाब अशी की २०१५ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात या सगळ्या गटाची फेरतपासणी करणारा जो शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांत २००० साली नवी जात जाहीर करणाऱ्यांपैकी झेंग ग्वांगमेई आणि झांग यान्युन हे दोघेही होते. चिनी, स्वीडिश आणि जपानी संशोधकांनी मिळून संग्रहालयातली कातडी मोजली, गाणी ध्वनिमुद्रित करून तपासली आणि डीएनएचे अनेक भाग वाचले.

निष्कर्ष असा निघाला की एकाचे तीन करावेत. एलिझायला वेगळं मानायला बरेच लोक आधीपासून तयार होते. ओस्टोनीचं मात्र अनेकांना आश्चर्य वाटलं. दिसायला तो जपानी पक्ष्याच्या इतका जवळचा की शंभरेक वर्षं त्याला बेटावरची फिकी आवृत्ती समजलं गेलं. जनुकं मात्र सांगत होती की ही फारकत खोल आहे, आणि गाणं आणि पंखांची मोजमापं त्याला दुजोरा देत होती. म्हणजे बीजिंगमध्ये जो फरक डोळ्यांत भरला तो निव्वळ वयाचा निघाला, आणि र्‍युक्यूमध्ये जो फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटला तो जातीचा निघाला. एकट्या रंगावर विसंबलेल्याला दोन्हीकडे उलटं उत्तर मिळालं असतं.

आज आंतरराष्ट्रीय याद्यांमध्ये तीन नावं आहेत: नार्सिसस माशीमार, हिरव्या पाठीचा माशीमार आणि र्‍युक्यू माशीमार. या याद्याही आजवर एकमेकींशी जुळत नसत. कुणी तीन मानायचं, कुणी दोन, आणि वाचकाच्या डोक्याला ताप. जून २०२५ मध्ये 'अ‍ॅव्हिलिस्ट' नावाची एकत्रित जागतिक यादी आली, तिच्यात ११,१३१ जाती आहेत. प्रमुख याद्या चालवणारे लोकच ती बनवायला एकत्र बसले होते, त्यामुळे हा ताप हळूहळू उतरेल अशी आशा आहे.

एवढी काथ्याकूट कशाला, असा प्रश्न पडू शकतो. एक कारण सरळ आहे. जपानी मुख्य बेटांवर नार्सिसस माशीमार भरपूर आहे. तिन्ही एकच जात मानली तर तिची चिंता करण्याचं कारण नाही. पण र्‍युक्यूचा पक्षी वेगळा म्हटला की त्याचा अख्खा संसार काही बेटांच्या जंगलात मावतो, आणि त्या जंगलाच्या प्रत्येक तुकड्याची किंमत वाढते. अमामी-ओशिमा, तोकुनोशिमा, ओकिनावाचा उत्तर भाग आणि इरिओमोते यांना युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती अशाच, दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या जिवांमुळे. चीनच्या पक्ष्याचा हिशोबही बदलतो. तो टिकायचा तर बीजिंगभोवतालच्या डोंगरांइतकंच मलाय द्वीपकल्पातलं जंगलही टिकायला हवं, आणि फिलिपीन्समध्ये कितीही झाडं राखली तरी त्याला त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रातल्या पक्षिनिरीक्षकांना यातला कुठलाच पक्षी हिवाळ्यात आपल्या आमराईत शोधायची गरज नाही. पण अशाच फाळणीचा अनुभव त्यांना घरबसल्या आलेला आहे. थंडीत आपल्याकडे येणारा, शेपूट सारखी वर उडवणारा छोटा लाल गळ्याचा माशीमार फिसेड्युलाच. पूर्वी सैबेरियातला टैगा माशीमार याचीच उपजात गणला जायचा. आता ते दोघे वेगळे. पहिला पूर्व युरोप आणि पश्चिम रशियाकडून येतो, दुसरा सैबेरियाकडून, आणि भारतात टैगाचा भर पूर्वेकडे जास्त. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला असलेली पिसं शेपटीहूनही काळी असतील आणि चोच पूर्ण काळी असेल तर टैगा. चोचीचा खालचा भाग बुडाशी फिका असेल तर आपला नेहमीचा पाहुणा. त्यामुळे फोटो काढताना पाठमोऱ्या पक्ष्यावरही एखादी क्लिक खर्च करावी.

पूर्व आशियातल्या जुन्या नोंदींचं काम याहून किचकट आहे. मलाय द्वीपकल्पातल्या हिवाळी नोंदी बहुतेक डोळे झाकून हिरव्या पाठीच्या खात्यात टाकता येतात, फिलिपीन्समधल्या नार्सिससच्या. पूर्ण रंगात आलेला नर असेल तर किनाऱ्यावरही अडचण नाही. अडतं ते स्थलांतराच्या वाटेवर दिसलेल्या माद्यांपाशी आणि कोवळ्या नरांपाशी. त्यांचा चांगला फोटो किंवा आवाज नसेल तर प्रामाणिक निरीक्षक तिन्ही नावं तिरक्या रेघांनी जोडून तशीच नोंद ठेवतो.